बांगडी चढेपर्यंत

उत्रोली,
९ सप्टेंबर

प्रिय शिवानी,

'प्रिय' दोनदा लिहून दोनदा खोडलं. आता तिसऱ्यांदा लिहिलंय ते राहू दे. शाळेतल्या मराठीच्या पेपरानंतर पत्र लिहायची वेळ माझ्यावर आजच आली, आणि त्या पेपरातसुद्धा मी मामाला 'सुट्टीत येतो' एवढंच कळवून बाकीचं पान कोरं सोडलं होतं.

गौरी उठल्या आणि तू माहेरी, वरव्याला गेलीस. दारात उभी राहून म्हणालीस ते मला पाठ आहे. "फोन करू नका. फोनवर तुमी नुसतं हं हं करता, मला गिरणीत बसल्यागत वाटतं. मोबाईलवर लिवा म्हनलं तर अंगठा धाडता. मला अंगठा नकोय. कागदावर लिवा, आन् तुमचं सोताचं कायतरी लिवा." मी तेव्हाही 'हं' म्हणालो. तू पिशवी उचललीस.

त्यानंतर आबांचा निरोप आला. माणसं सासऱ्याला भितात, मी आबांच्या निरोपाला भितो, कारण तुझे वडील निरोपसुद्धा नमनाला घडाभर तेल घालून धाडतात. मतलब एवढाच की पितृपंधरवडा सरला, दसरा झाला की वरव्याला बैठक. तुमच्याकडची चार माणसं बसणार. आणि तुझी अट अशी, की आमच्या बाजूनं मामा नाही, सरपंच नाही, मध्यस्थ कोणी नाही, जे बोलायचं ते मीच बोलायचं. बोलता आलं तर तू विचार करणार. नाही आलं तर धनाजीनं पुण्यात तुला नोकरी बघून ठेवली आहे, तू भावाकडे जाणार. शिवानी, मी दहा पोती भात एका दमात उतरवून घेतो, पण हे ऐकून मी रिकाम्या पोत्यावर बसलो.

पंधरा ऑगस्टचं मी आज लिहीत नाही. झेंडावंदन झालं, घर आणि गिरणी सांभाळून बारावी पास झालीस म्हणून ग्रामपंचायतीनं तुला शाल-श्रीफळ दिलं, आणि सरपंचांनी माझ्या हातात माईक देऊन "कुमार, दोन शब्द बोल" म्हटलं. मी माईक परत दिला. गाव हसलं, तू हसली नाहीस. असो, आज ते नको.

आज वेगळंच सांगायचंय आणि ते सांगायला मी सकाळपासून उतावीळ झालोय. मी भोरला बाजारात गेलो होतो. नवरात्र जवळ आलं, तुला बांगड्या धाडाव्या असा विचार होता. तिथं पायरीवर अंबूबाई कासारीण बसते. तिनं विचारलं, "माप काय?" गिरणीच्या आवाजात हातानंच बोलायची सवय, म्हणून मी बोटांचं कडं करून दाखवलं. ती म्हणाली, "मुका हायेस व्हय?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग गप का? बस हितं."

बसलो. तिच्यापुढं लग्न ठरलेली एक मुलगी होती. हात असा कडक की बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडून बसलेली, पोरीच्या डोळ्यांत पाणी. अंबूबाई बांगडीकडं बघेचना. ती सांगायला लागली, "माज्या लग्नात सासूनं चुडा आनला त्यो मला ल्हान. आता कासाराच्या घरची सून, आन् बांगडी चढंना. सासू दाबतीया, मी हसतीया. रडले तर म्हनतील पोरगी नाजूक, न्हाई रडले तर हात मोडतोय. समदं वऱ्हाड बघतंय. तेवढ्यात सासरा म्हनला, अगं ये, ह्यो चुडा नवरीचा न्हाई, करवलीचा हाय."

पोरगी हसली, आणि शेवटची बांगडी मनगटावर. तिला कळलंसुद्धा नाही. मी आ वासून बघत राहिलो. ती पोरगी गेल्यावर अंबूबाई मला म्हणाली, "गोष्टीनं हात सैल पडतो. पर हात धरलाय तवरच गोष्ट. बांगडी चढली की संपली पायजे. मग कोन ऐकतंय, त्येस्नी एसटी गाठायची असती."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घुमतंय. आपल्याला भाषण येत नाही हे खरं, पण एवढीशी गोष्ट यायला काय हरकत आहे? मी अंबूबाईला सगळं सांगितलं, म्हणजे चार वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, बाजाराला येत जा, ऐकत जा, मग बघू. सोबत बांगड्या पाठवतोय. माझ्या बोटांच्या कड्यावरून तिनं माप काढलं आहे.

तुझा,
कुमार


उत्रोली,
१८ सप्टेंबर

प्रिय शिवानी,

तुझं कार्ड आलं. त्यावर 'मापात आहेत' एवढे दोनच शब्द. माझ्यापेक्षा कमी बोललीस म्हणून मला बरंच वाटलं.

पहिल्यांदा माझी फजिती सांगतो. अंबूबाई म्हणाली, चल, तू सांग एक. समोर एक म्हातारी हात पुढं करून बसली होती. मी सुरू केलं. आजोबांनी गिरणी कोणत्या साली घेतली, तेव्हा डिझेलचं इंजिन होतं, ते कोणाकडनं आणलं, आणायला बैलगाडी कोणाची होती, त्या माणसाचे भाऊ किती. म्हातारीच्या दोन्ही हातांत बांगड्या भरून झाल्या, तिनं कुंकू लावून घेतलं, ती उठून गेली, आणि माझं इंजिन अजून बैलगाडीतच होतं. अंबूबाई म्हणाली, "ह्ये तर तुज्या सासऱ्यावानी झालं." आबांची कीर्ती भोरच्या बाजारापर्यंत आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांना सांगू नको.

मी म्हटलं, मग करायचं काय? ती म्हणाली, "इंजनाचं मला काय करायचंय? तुजं काय झालं त्ये सांग. एक दिस, एक जागा, आन् तुला काय वाटलं त्ये. बाकी समदं तूस हाय, तूस उडवून दे." गिरणीवाल्याला तूस उडवायला बाईनं शिकवावं, म्हणजे कमालच झाली.

आणि मग परवा काय झालं ऐक. गेनबा आला. गेल्या सालचं राहिलेलं भात घेऊन आला आणि तांदूळ भरताना नेहमीचं सुरू, कमी भरला, गिरणीनं खाल्ला. तुला त्याचं भांडण माहीत आहे. तो ओरडतो, मी गप्प राहतो, मी गप्प राहिलो की तो आणखी ओरडतो, शेवटी तो म्हणतो गप बसला म्हंजी चोर हाय. ह्या खेपेला मी गिरणी बंद केली आणि त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो. म्हटलं, गेनबा, मी ल्हान असताना आमी मळ्यात ऱ्हायचो, तवा आईनं मला भाताचं गठुडं घेऊन हितंच धाडलं. तांदूळ घेऊन घरी गेलो तर आई म्हनली, वाटंत सांडलास. माझा हात धरून ती अख्ख्या वाटेनं मागं आली, दाणे शोधत. एक दाणा घावला न्हाई. हितं पोचलो तर अण्णा काय बोलंनात, नुसता तुसाच्या ढिगाकडं हात केला. आई ढिगाकडं बघून म्हनली, एवढं टरफलच वजन करत हुतं व्हय.

गेनबानं ढिगाकडं पाहिलं. मग हसला, आणि तूसही पोत्यात भरून घेऊन गेला. भांडणाचं नावही नाही. मी त्याला भाताच्या उताऱ्याचं गणित कित्येक वर्षं बोटांवर दाखवत आलो, त्याचा उपयोग झाला नव्हता. आईची ती वाट एवढी लांब होती आणि सांगताना ती चिमूटभर झाली. शिवानी, मला त्या वेळी इतका आनंद झाला की मी आतल्या घरात तुला सांगायला आलो. चुलीजवळ कोणी नव्हतं.

अण्णांना मात्र काळजी लागली आहे. आम्ही दोघं बापलेक एका बोटानं चहा आणि दोन बोटांनी भाकरी मागणारे. आता मी जेवताना बोलायला लागलो, तर अण्णांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हटल्यावर म्हणाले, "बरा हायेस ना?" गेल्या महिन्यातलं हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य.

तुझा,
कुमार


उत्रोली,
२७ सप्टेंबर

प्रिय शिवानी,

आज मी बाजार जिंकला. नवरात्राची गर्दी, अंबूबाईच्या पायरीपुढं बायकांची रांग, आणि मी मधे बसून गोष्ट सांगितली. एवढ्या बायका हसल्या की पलीकडचा चपलावाला उठून बघायला आला.

कोणती सांगितली ओळख. आपल्या लग्नानंतरची पहिली सकाळ. मी गिरणी सुरू केली, भिंती हादरल्या, आणि तू घरातनं "धरणीकंप झाला" म्हणत अंगणात पळत आलीस. डोक्यावरचा पदर जमिनीवर, आणि छातीशी कवटाळलेली लोणच्याची बरणी. अण्णा अंगणात दात घासत होते. त्यांनी गिरणीकडं बोट केलं. तू गिरणीकडं बघितलंस, बरणीकडं बघितलंस आणि बरणी घेऊन तशीच आत गेलीस. मी शेवट असा केला, "तवाच मला कळलं, संकट आलं तर ही बरणी घिऊन पळंल, मी न्हाई घावलो तरी चालंल."

एका बाईच्या दोन्ही हातांत बांगड्या भरून व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गोष्ट संपली. अंबूबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, "आता तू तयार झालास."

त्या सकाळी मला हसू फुटत होतं, पण तू रागावशील म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आज ते सगळं हसू बाहेर आलं. मी एसटीत उभा राहून आलो, बसायला जागा होती तरी. बैठकीचं आता मला काही वाटत नाही. आबा, तुझे मामा, तुझे चुलते, येऊ दे सगळे. बरणीची गोष्ट सांगितली की सगळी बैठक हसेल आणि हात सैल पडतील.

तुझा,
कुमार


उत्रोली,
४ ऑक्टोबर

शिवानी,

तुझं कार्ड मी अण्णांना वाचून दाखवलं नाही, पण त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. त्यांनी मला न मागता चहा करून दिला.

तू लिहितेस, 'नसरापूरच्या बाजारात अंबूबाई बसली होती. तिनं माझा हात धरून मलाच माझी गोष्ट सांगितली. मी कोण, तिला माहीत नव्हतं. तिच्या गोष्टीत मी बरणी घेऊन हायवेपर्यंत पळते आणि एसटीत बसून माहेरी जाते. सगळ्या बायका हसल्या. आई पण हसली, मग माझ्याकडं बघून थांबली. बरणी माझी होती. विचारलंत का?'

नाही विचारलं. सुचलंच नाही. कासारीण गावोगाव फिरते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिच्यापुढं ठेवलेलं काहीही आठवड्यात चार बाजार हिंडून येतं. आणि मी गिरणीवाला, तिला भरलेलं पोतं देऊन वर तोंड उघडून दिलं. तू पंधरा ऑगस्टला गावापुढं अवघडून उभी राहिलीस, ती माझ्या न बोलण्यानं. आता नसरापुरात अवघडलीस, ती माझ्या बोलण्यानं. म्हणजे मी दोन्हीकडनं तुलाच खाली मान घालायला लावली. मला फार वाईट वाटलं, शिवानी. रागही आला, आधी अंबूबाईचा.

तडक भोरला गेलो आणि तिच्याशी भांडलो. हो, भांडलो, मोठ्यानं, भर बाजारात. तू असतीस तर तुला पटलं नसतं की हा मीच आहे. मी म्हटलं, माझ्या घरातली गोष्ट तू नसरापुरात का इकलीस? ती बांगड्यांवरची धूळ पुसत होती. म्हणाली, "मी इकनारीच हाय. माज्या पुढ्यात ठिवलं त्ये मी इकनार. इचार तू करायचास. सोताची फजिती सांगितलीस तवा तुजं काय गेलं न्हाई. बायकोची सांगितलीस तवा तिला इचारलं का?" तूही तेच विचारलंस. तुम्ही दोघी एकमेकींना ओळखत नाही आणि प्रश्न एकच.

मी म्हटलं, पर हायवे आन् एसटी कुठनं आली? ती म्हणाली, "त्याबिगर शेवट जमंना." नसरापुरात तिनं धरलेला हात तुझाच होता हे सांगितल्यावर ती जरा नरमली आणि म्हणाली, "ती तुजी बायको व्हती व्हय? हात लई मऊ हाय तिचा. गोष्ट संपायच्या आत बांगडी गेली, पर हसली न्हाई बग."

ते वाक्य मी घरापर्यंत घेऊन आलो आणि अजून खाली ठेवता येत नाही.

बैठकीत बरणी येणार नाही. बरणी तुझी, सांगायची तर तू सांग, नाही तर मिठात घालून ठेव. पण नुसतं गप्प बसायलाही मला आता जमणार नाही, तोंडाला चटक लागली आहे. माझी स्वतःची एक आहे, पंधरा ऑगस्टची. तिच्यात फजिती माझी आहे, पण तू तिच्यात येतेस, तुझ्याशिवाय ती होतच नाही. म्हणून आधी विचारतो. सांगू का? नको म्हणालीस तर मी आबांपुढं हात जोडून बसेन आणि जे व्हायचं ते होईल.

कुमार


उत्रोली,
१२ ऑक्टोबर

प्रिय शिवानी,

बोललो. घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. तू आत होतीस, माजघराच्या दाराआड, तुला किती ऐकू आलं कुणास ठाऊक, म्हणून जसं झालं तसं लिहितो. एसटीतनं उतरलो तो थेट कागद घेऊन बसलोय, अण्णा ताटावर वाट बघतायत.

तुझं 'सांगा' असं कार्ड मी खिशात घालूनच आलो होतो.

सुरुवात आबांनी केली. त्यांच्या चुलत्यांची बायको कशी रुसून माहेरी गेली होती, त्या साली पाऊस कसा होता, पुलावरनं पाणी कसं होतं. तुझे मामा जांभया द्यायला लागले. धनाजी मोबाईल बघत होता. मी वाट बघितली, मग एकदा बघितली, आणि मग मी, मी शिवानी, सासऱ्याचं बोलणं मधेच तोडून म्हणालो, "आबा, माझी ल्हान हाय. सांगू का?"

आबांचं तोंड उघडंच राहिलं. मी सांगितली ती अशी.

"पंधरा ऑगस्टला सत्कार हाय म्हनल्यावर मला माईक देनार ह्ये मला ठावं हुतं. म्हनून म्या तीन वाक्यं केली आन् गिरणीत पाठ केली. गिरणी चालू, म्या पोत्यावर उभा ऱ्हाऊन ओरडतोय. एकदा गेनबा आला, त्याला वाटलं म्या त्यालाच शिव्या देतोय, पोतं उचलून निघून गेला. तरी म्या पाठ केली. मग त्यो दिवस आला. माईक हातात आला आन् समदं गाव गप झालं. आबा, आमच्या घरात तीन पिढ्या गिरणीच्या आवाजात बोलत्यात न्हाईतर बोलत न्हाईत. एवढी शांतता म्या कधी ऐकलीच नव्हती. झेंड्याची दोरी खांबावर आपटत हुती, तेवढाच आवाज. म्या तोंड उघडलं आन् मला माझाच श्वास ऐकू आला. भ्यालो. माईक परत दिला."

कोणी हसलं नाही. मला वाटलं फसली. मग मामांनी हळूच विचारलं, "तीन वाक्यं कंची?"

हे ठरवलेलं नव्हतं, शिवानी. मी तेवढ्यावरच थांबणार होतो. पण विचारलं म्हटल्यावर सांगितली. "ही माझी बायको शिवानी. हिनं मला इचारलं हुतं, मी पुढं शिकू का, आन् म्या हं म्हनलो. उभ्या जन्मात म्या तेवढंच काय त्ये शहाण्यावानी बोललोय."

तेव्हा आत भाकरी थापायचा आवाज थांबला. तू होतीस का तुझी आई, मला माहीत नाही. मला ते विचारायचं धाडस झालं नाही.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मामा म्हणाले, झालं, आता काय राहिलं. चुलते म्हणाले, पोराचं मन चांगलं हाय. आबा म्हणाले, "दिवाळी तोंडावर हाय. घिऊन जा तिला, आजच." आई चहा घेऊन बाहेर आली, तिनं डोळे पुसले होते. माझ्या जिवात काय झालं म्हणून सांगू. हात पुढं केला असता तर तू एसटीत शेजारी बसून आली असतीस.

पण मी म्हटलं, "तिला कुनी इचारलंय का?"

एवढं बोलून मी उठलो. कोणाला राग आला का ते बघितलं नाही. चहा तसाच राहिला, आईला वाईट वाटलं असेल, तिची माझ्यातर्फे माफी माग. वाटेत मला सारखं वाटत होतं की मी गाढव आहे, हातात आलेलं सोडून निघालोय. आणि तरी असं वाटत होतं की गाणं म्हणावं. कंडक्टरनं विचारलं, कुठलं तिकीट? मी त्याला उत्रोली सांगितलं, आणि पुढं सांगितलं की आज मी सासऱ्याला मधेच तोडलं. तो म्हणाला, बरं झालं.

म्हणून आता विचारतो. माझ्या बाजूनं बोलून झालं आहे. तू येशील का? नोकरी करायची असेल तर इथनं कर, पुढं शिकायचं असेल तर भोरला कॉलेज आहे. आणि यायचं नसेल तर तेही एका कार्डावर लिही. मी ते वाचेन आणि तुला अंगठा पाठवणार नाही.

तुझा,
कुमार


वरवे बुद्रुक,
१३ ऑक्टोबर

अहो,

तुमचं पत्र अजून आलं नाही. पण काल घरी जाऊन लिहायला बसला असाल हे मला माहीत आहे, अण्णांना ताटकळत ठेवून. मला तोवर थांबवत नाही.

तुम्हाला वाटलं असेल मी लांब आत होते, पण मी दाराशीच भाकरी थापत होते. सगळं ऐकलं. तुम्ही "तिला कुनी इचारलंय का" म्हणून निघालात, आणि मागं सगळे एकमेकांकडं बघत बसले. मग आबा आत वळून म्हणाले, "बया, त्यो तर गेला. आता तूच सांग." चार पुरुष माणसं, पाहुणेमंडळी, आणि मी हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, माझी पण ल्हान हाय.

माझी ही होती. परीक्षेच्या आधी गिरणीला पोत्यांची रांग लागायची. घर गिरणीला लागून, पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. मी कधी बोलले नाही, पोटाचा धंदा बंद कर असं कसं म्हणायचं. पण रोज दुपारी गिरणी थांबायची. तुम्ही बाहेरनं ओरडायचा, पट्टा घसरला. मला वाटायचं, बरं आहे, पट्टा जुना झालाय. मी त्या वेळात वाचून घ्यायचे. एक दिवस तुम्हाला चहा घेऊन आले. पट्टा चाकावर जागच्या जागी होता. रांगेतली सगळी माणसं पोत्यांवर गप्प बसली होती, गेनबासुद्धा, आणि तुम्ही ओठांवर बोट धरून उभे होता. एका पोराला शिंक आली तर तुम्ही त्याचं नाक धरलंत.

मी चहा घेऊन तशीच मागं फिरले. तुम्हाला दिसले नाही. म्हटलं, हे सांगतील कधीतरी. पेपर झाले, सांगितलं नाही. निकाल लागला, सांगितलं नाही. पंधरा ऑगस्टला तुमच्या हातात माईक आला तेव्हा मला वाटलं, आता सांगतील. मला भाषण नको होतं. एवढंच हवं होतं, की जे मी पाहिलंय ते तुमच्या तोंडून एकदा ऐकावं. तुम्ही माईक परत दिलात आणि मला वाटलं, ह्यांच्या लेखी ती काही गोष्टच नाही.

काल कळलं. तुमच्या गोष्टीत तुम्ही घाबरलात, श्वास ऐकू आला, माईक दिला, सगळं आलं, आणि हे आलं नाही. आपणच आपली आरती ओवाळणारे तुम्ही नाहीच. मग ती मीच सांगायची होती, आणि मी इतके दिवस तुमच्या तोंडाकडं बघत रागावून बसले. दोघांनी मिळून एक गोष्ट अडवून धरली.

मी सांगितली तेवढा वेळ आबा मधे एकदाही बोलले नाहीत. आईला ते खरं वाटत नाही, ती सकाळपासून शेजारणींना सांगते आहे.

पुण्याला जात नाही, धनाजीला तसं सांगितलं. कॉलेजचं आपण बसून ठरवू. वसुबारसेला दुपारच्या एसटीनं येते. न्यायला येऊ नका, मला वाट माहीत आहे. गिरणी चालूच ठेवा.

तुमची,
शिवानी